वॉर्ड

ग्रिम्सबीत रात्री साडेदहाला
खिडकी बंद असली तरी गोदीतून मासळीचा वास येतो.
मी हेडफोन चढवतो. एका कानात क्रेग शिंकतो,
दुसऱ्यात कासियाची किटली उकळायला लागलेली.
पाच जण आम्ही. त्यातला क्रेग तेवढा एकदा दिसला होता,
सुपरमार्केटात, गोठवलेल्या मटारच्या फ्रीजपाशी;
दोघांनीही मान हलवली आणि खेळाचा विषय काढला नाही.

खेळातलं माझं नाव मिरजेचापोपट.
माझं काम दिवे रोवायचं.
नदीकाठच्या गवतात, दोन वाटा मिळतात तिथे,
एक हिरवी ठिणगी खोचून परत फिरायचं.
तिला वॉर्ड म्हणतात.
दिवसा मी हॉस्पिटलात चौदा नंबरच्या वॉर्डात असतो,
त्यामुळे पहिल्या रात्री टोबी ओरडला, ‘वॉर्ड कुठाय तुझा?’
तेव्हा मी खरंच सांगणार होतो,
दुसरा मजला, लिफ्टच्या डावीकडे.

टोबी आमचा कप्तान. वय सतरा.
शेजारच्या खोलीत आई झोपलेली, म्हणून कुजबुजून हुकूम सोडतो:
‘ड्रॅगन नव्वद सेकंदांत.’
मी मनात त्याला अजगर म्हणतो.
नव्वद सेकंदांत खूप काही उरकायचं असतं,
मधली फळी पुढे रेटायची, औषध घ्यायचं,
त्यांचे दिवे विझवायचे, आपले लावायचे,
आणि क्रेगला आवरायचं.

क्रेगला पळणारा माणूस दिसला की राहवत नाही.
काल एकाच्या मागे पार त्यांच्या बुरुजापर्यंत गेला.
मारला त्याला. नाचलाही.
इकडे चौघांत अजगर गेला, मग बुरूज, मग सगळंच.
मला डवरी सर आठवले, शाळेच्या मैदानावर,
चुन्याची रेघ पुसेपर्यंत ओरडणारे:
‘हात सोडलास की साखळी नाही रे,
नुसती दोन पोरं उभी आहेत मातीत!’
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचलं नाही.
मी म्हटलं, क्रेग, जवळ राहा.

आज राहिला.

अजगर अर्धा झाला होता
आणि माझ्या दिव्यात ते दिसले. चार. मग पाचवा.
मला पळता आलं असतं, उडी शिल्लक होती.
मी खळग्याच्या तोंडाशी उभा राहिलो
पिठाची गिरणी बंद होताना दारात पाय घालतात, तसा.
ढाल त्यांच्यावर नाही, इद्रिसवर टाकली.
माझा पडदा करडा झाला.

मेल्यावर ऐकू नीट येतं.
‘दोन हजार,’ टोबी मोजत होता, ‘पंधराशे… थांबा… थांबा…’
कासियाने श्वास धरलेला, किटलीसुद्धा गप्प.
‘आता.’
मग एक खुर्ची सरकली, आणि टोबी
आईला विसरून मोठ्यानं हसला.

अडतीस सेकंद होते माझ्या पुन्हा जन्माला.
उठून पाणी प्यायलो.
फळ्यावर माझ्या नावापुढे: मारले शून्य, मेलो सात.
परवा सहा नंबरच्या बेडवरचे हॉटन आजोबा गेले.
त्यांच्या मुलीनं विचारलं, रागानं नाही,
‘रात्रभर तुम्ही नक्की काय केलंत?’
मी म्हटलं, होतो तिथे.
तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.
मलाही अजून.

‘पोपट, ये लवकर,’ क्रेग म्हणाला. ‘तुझ्याशिवाय अंधार आहे.’
कासियाची शिफ्ट बाराला, ती जाणारच होती,
चौघांनी पाचांशी खेळायचं म्हणजे बहुधा हरणार होतो.
पुढचा अजगर पाच मिनिटांनी.
माझे दिवे संपले होते.
खिशात होते तेवढ्यात दोन घेतले.